घरी अंडी उबवायची आहेत? मशीन घेण्याआधी हे वाचा

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण पिल्लं निघणार की नाही हे बऱ्याच अंशी त्या २१ दिवसांच्या आधीच ठरलेलं असतं. अंडं कुठून आणलं, किती दिवस ठेवलं, कुठे ठेवलं, यावर सगळं असतं. नवखे लोक मात्र सगळं लक्ष मशीनवर देतात. पैसे घालून चांगलं मशीन आणायचं आणि त्यात आठवडी बाजारातली, दिवसभर उन्हात तापलेली अंडी मांडायची. तीन आठवड्यांनी मग मशीनला शिव्या.

दुसरी गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. तुमच्या दारात गावठी कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली असेल तर पहिली खेप तिच्याच खाली काढा. मशीन नंतरही घेता येईल. ती काय करते हे तीन आठवडे नीट पाहिलंत की मशीनचं माहितीपत्रक समजायला वेळ लागत नाही.

कोणतं अंडं चालतं

दुकानातलं पांढरं अंडं उबवून उपयोग नाही. लेयर, म्हणजे फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या, फार्मवर कोंबडे ठेवतच नाहीत. तिथल्या कोंबड्या नराशिवाय अंडी देतात आणि त्यात जीव धरत नाही. 'गावठी' म्हणून विकलं जाणारं प्रत्येक अंडंही गावठी नसतं. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून तपकिरी करून विकणारे महाभाग आहेत. ओल्या फडक्याने जरा जोर लावून पुसा, रंग फडक्याला लागला तर समजून जा. खऱ्या गावठी अंड्यांची टोपली एकसारखी कधी दिसत नाही. कुठलं पांढरट, कुठलं बदामी, कुठलं लांबुळकं.

अंडी कोंबडा असलेल्या कळपातलीच घ्या. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा पुरतो. नवा कोंबडा नुकताच सोडला असेल तर आठ-दहा दिवस थांबून मगच अंडी साठवायला लागा.

कळप अनोळखी असेल तर एक-दोन अंडी फोडून बघणं ही सगळ्यात स्वस्त परीक्षा. बशीत अंडं फोडलं की बलकावर एक पांढरा ठिपका दिसतो. अंडं फलित नसेल तर तो बारीक, भरीव आणि कडेने वेडावाकडा असतो. फलित असेल तर ठिपका चांगला तीन-चार मिलिमीटरचा, गोल, मधे विरळ आणि कडेला स्पष्ट पांढरं कडं असलेला दिसतो. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिलेत की पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही. फोडलेल्या अंड्याचं ऑम्लेट होतंच.

गावठी कोंबडीचं अंडं साधारण ४० ग्रॅमच्या आसपास भरतं. तलंगेची, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबडीची, पहिली बारकी अंडी घेऊ नका, त्यातून निघालेलं पिल्लू अशक्त असतं. फार मोठं अंडं बहुधा दोन बलकांचं, तेही नको. वाकडी, अगदी गोल, खडबडीत कवचाची, तडा गेलेली अंडी बाजूला काढा. बारीक तडा डोळ्याला दिसत नाही. दोन अंडी एकमेकांवर हलकेच टेकवून वाजवा, तडा असलेल्या अंड्याचा आवाज बद्द येतो.

जातीबद्दल थोडं. वनराजा, गिरिराजा या संकरित जाती आहेत. त्यांच्या अंड्यांतून पिल्लं निघतात, पण ती आई-बापाइतकी वाढतील किंवा तितकी अंडी देतील असं धरून चालू नका. पुढची पिढी सरमिसळ निघते. तशीच पिल्लं हवी असतील तर उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं आणलेली बरी. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्यात खडकीला, कोल्हापुरात, नागपुरात आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. कडकनाथ ही मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली शुद्ध देशी जात, तिची अंडी घरी उबवायला हरकत नाही. फक्त कडकनाथ कोंबडी स्वतः खुडूक क्वचितच बसते, म्हणून लोक तिची अंडी गावठीच्या खाली घालतात.

साठवण

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

उबवायची अंडी १५ ते १८ अंश सेल्सियसला ठेवावीत आणि सात दिवसांच्या आत लावावीत. दहाव्या दिवसापर्यंत चालतात, पण प्रत्येक दिवसागणिक पिल्लं कमी होत जातात. आपल्याकडची अडचण अशी की मार्च उजाडला की घरात १८ अंश मिळतच नाही. तापमान चोविशीच्या वर गेलं की अंड्यातला जीव वाढायला लागतो. एप्रिल-मेच्या पस्तीस अंशांत तो अर्धवट वाढतो, रात्री थंडावतो, पुन्हा वाढतो आणि मशीनमध्ये जायच्या आधीच मरतो. बाहेरून अंडं तसंच दिसतं.

फ्रिज हा उपाय नाही, तिथले चार-पाच अंश फार गार होतात. जुनी पद्धत चांगली आहे. पाटीत वाळू भरायची, ती ओली ठेवायची, त्यात मातीचं मडकं अर्धं पुरायचं आणि मडक्यात भुशावर अंडी ठेवून तोंडावर सुती फडकं टाकायचं. घरातला सगळ्यात गार, अंधारा कोपरा त्यासाठी निवडा. अंड्यांना पाणी लागू देऊ नका. अंडी ठेवताना टोकदार बाजू खाली, बोथट बाजू वर. बोथट टोकाला हवेची पोकळी असते आणि पुढे पिल्लाचा पहिला श्वास तिथेच व्हायचा असतो.

अंडी धुवायची नाहीत. कवचावर नैसर्गिक लेप असतो, तो गेला की जंतू छिद्रांतून आत शिरतात. थोडी विष्ठा लागली असेल तर कोरड्या फडक्याने किंवा बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. जास्त बरबटलेलं अंडं लावूच नका. एक नासकं अंडं मशीनमध्ये फुटलं तर सगळी खेप जाते, आणि घरात जो वास सुटतो तो दोन दिवस जात नाही.

एसटीने किंवा दुचाकीवरून अंडी आणली असतील तर घरी आल्यावर बोथट टोक वर करून निदान बारा तास शांत ठेवा. धक्क्यांनी हवेची पोकळी हललेली असते, ती बसू द्यावी लागते.

खुडूक कोंबडीखाली

कोंबडी खुडूक झाली की ती अंडी द्यायची थांबते, खुराड्यात बसून राहते, पिसं फुलवते, हात नेला की टोचते आणि घशातून कर्रर असा वेगळा आवाज काढते. छातीची पिसं गळलेली दिसतात. लगेच चांगली अंडी घालू नका. दोन दिवस जुनी किंवा खोटी अंडी खाली ठेवून बघा. रात्रीही उठत नसेल तर ती पक्की.

टोपली किंवा जुनं घमेलं घ्या, तळाशी थोडी माती, वर राख, त्यावर मऊ पेंढा आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला. राख आणि पाला पिसवांसाठी. या पिसवा बसलेल्या कोंबडीला इतक्या छळतात की ती अंडी टाकून उठते. अंडी तिच्या खाली रात्री सरकवा, अंधारात ती गडबडत नाही. मध्यम गावठीला दहा-बारा अंडी पुरे, थंडीत आठ-नऊच ठेवा. सगळी अंडी पंखाखाली झाकली गेली पाहिजेत. गावाकडे विषम संख्येने अंडी घालायचा रिवाज आहे, विजेपासून जपण्यासाठी टोपलीत लोखंडी खिळा किंवा कोळसा ठेवतात. खिळ्याने पिल्लांची संख्या वाढत नाही, पण आजी ठेवा म्हणाली तर ठेवा, बिघडत काही नाही.

बिघडतं ते दुसऱ्याच गोष्टीने. बाकीच्या कोंबड्या तिच्याच टोपलीत येऊन अंडी घालतात. मग काही अंडी पंधरा दिवसांची, काही दोन दिवसांची. पहिली पिल्लं निघाली की आई त्यांच्यामागे निघून जाते आणि उरलेली गार पडून नासतात. म्हणून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख घाला आणि रोज बिनतारखेचं अंडं काढून घ्या. जमलं तर तिला वेगळ्या खोलीतच बसवा.

रोज एकदा ती पंधरा-वीस मिनिटं उठते, खाते, पाणी पिते, राखेत लोळते, एकदम मोठी विष्ठा टाकते आणि परत येते. दाणा-पाणी जवळ पण टोपलीच्या बाहेर ठेवा. ती उठतच नसेल तर उचलून बाहेर ठेवा, नाहीतर अंड्यांवरच घाण करते. बाकी सगळं तिचं ती बघते.

मशीन विकत घ्या किंवा बनवा

खुडूक कोंबडी तुमच्या सोयीने बसत नाही, आणि शहरात तर ती मिळायचीच नाही. तिथे मशीनच लागतं. पहिल्यांदा २० ते ५० अंड्यांचं छोटं मशीन पुरतं. घेताना दोन गोष्टी बघा: आत पंखा आहे का, आणि अंडी आपोआप फिरवायची सोय आहे का. बाकीची बटणं आणि दिवे शोभेचे.

घरी बनवायचं असेल तर जाड थर्माकोलचा मासळीचा खोका, दोन ४० वॅटचे पिवळे बल्ब, कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा डब्ल्यू १२०९ नावाचा थर्मोस्टॅट (तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारी पट्टी) आणि या दोघांसाठी १२ व्होल्टचा अॅडॉप्टर एवढ्यात काम होतं. एलईडी बल्ब चालत नाही, त्याची ऊब नसते. बल्ब दोन लावायचे, कारण एक मध्यरात्री उडाला तर दुसरा सांभाळतो. बल्ब थर्माकोलला टेकला तर आग लागते. मधे जाळी आणि पत्रा हवाच, आणि घरच्या २३० व्होल्टची जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. आत पाण्याचं भांडं असणार आहे, हे त्याला आठवणीने सांगा. हवेसाठी खाली दोन आणि वर दोन भोकं ठेवा, पिल्लं कवचातूनही श्वास घेत असतात.

कुठलंही मशीन असो, त्याच्या काट्यावर किंवा आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. स्वस्त मशीनचा आकडा एका अंशाने सहज चुकतो, आणि इथे एका अंशाने खेप जाते. ताप मोजायचा थर्मामीटर घरात असतोच. त्याला नेमकं ३५ ते ४२ अंशांमधलंच अचूक मोजता येतं, म्हणजे आपल्याला हवं तेच. अंड्यांच्या उंचीवर तो ठेवून आकडा ताडून बघा. आर्द्रतेचा मीटर तपासायचा तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा आणि मीटरसोबत बंद पिशवीत सात-आठ तास ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्के होते. मीटर ७० दाखवत असेल तर तुमचा मीटर पाचने कमी दाखवतो, एवढंच लक्षात ठेवायचं.

मशीन खोलीच्या आतल्या बाजूला ठेवा. खिडकीचं ऊन, कूलरचा झोत, गॅसची शेगडी यांपासून लांब. टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्यांसाठी. कवचाला पहिला टोचा पडला की मुंग्यांना वास लागतो आणि एका रात्रीत त्या आतलं पिल्लू मारतात.

लावण्याचा दिवस

रिकामं मशीन निदान २४ तास चालवून तापमान स्थिर झालं आहे याची खात्री करा. अंडी पाच-सहा तास आधी साठवणीतून काढून खोलीत ठेवा, गार अंडं एकदम उबेत गेलं तर त्याला घाम सुटतो आणि जंतू आत ओढले जातात.

पेन्सिलीने अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा. मार्कर नको, त्याची शाई छिद्रांतून आत जाते. पाच-सहा अंड्यांचं वजन करून त्यांच्यावरच लिहा, सोनाराच्या छोट्या डिजिटल काट्यावर ग्रॅमचा दशांश दिसतो. हे वजन पुढे कामाला येणार आहे.

पंख्याच्या मशीनमध्ये तापमान ३७.५ अंश. पंखा नसलेल्या मशीनमध्ये वर आणि खाली फरक असतो, म्हणून अंड्यांच्या वरच्या पातळीला ३८.३ ते ३८.८ अंश ठेवा. अंडी मांडल्यावर आकडा खाली जाईल. चार-पाच तासांत तो आपोआप वर येतो, घाईने सेटिंग वाढवू नका. नवख्यांचं मशीन पहिल्याच रात्री चाळीसवर जातं ते या घाईमुळे. आणि हे पक्कं लक्षात ठेवा, गारवा अंडं सहन करतं, उष्णता नाही. दोन तास ३५ अंश झाले तर पिल्लं फार तर जरा उशिरा येतील. तेच दोन तास ४१ अंश झाले तर बरीच येणारच नाहीत.

पहिले अठरा दिवस

अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. फुली वर होती तर आता गोल वर. विषम वेळा फिरवायचं कारण साधं आहे. रात्रीचा लांब पल्ला मग रोज वेगळ्या बाजूवर जातो. फिरवलं नाही तर वाढणारा गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. कोंबडी हे चोचीने आणि पायाने दिवसभर करत असते. हात धुऊन, कोरडे करूनच अंड्यांना लावा, तेलकट हात नकोत.

आर्द्रता साधारण ५० टक्के. ती पाण्याच्या खोलीवर नाही, पाण्याच्या पृष्ठभागावर ठरते, म्हणून वाढवायची तर भांडं मोठ्या तोंडाचं घ्या. पाणी कोमट ओता. किती पाणी ठेवायचं हे गावावर अवलंबून आहे आणि इथे मशीनबरोबर आलेली सूचना फारशी कामाची नसते. कोकणात पावसाळ्यात बाहेर २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा मशीनमध्ये ३७.५ अंशांपर्यंत तापल्यावर तिची आर्द्रता ४७-४८ टक्क्यांवर येते. म्हणजे पहिले अठरा दिवस पाणी ठेवायची गरजच नाही. उलट मराठवाड्यात किंवा विदर्भात मार्चच्या कोरड्या दुपारी तीच आर्द्रता वीसच्याही खाली जाते. तिथे भांड्यात स्पंज उभा ठेवा, पाण्याचा पृष्ठभाग वाढतो.

मीटरपेक्षा खरं सांगतो तो वजनकाटा. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के घटलं पाहिजे. ४० ग्रॅमचं अंडं साडेचार ते पाच ग्रॅमने हलकं व्हावं. नवव्या दिवशी त्याच्या निम्मी घट दिसली तर सगळं बरोबर चाललंय. घट कमी असेल तर पाणी काढा, जास्त असेल तर वाढवा. घट झालीच नाही तर हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू शेवटी आतल्या पाण्यात गुदमरतं. पावसाळ्यात 'पिल्लं तयार होती पण निघालीच नाहीत' अशी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

वीज गेली तर घाबरू नका. झाकण उघडू नका, मशीनवर गोधडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा. कोंबडीही रोज उठतेच. दोन-तीन तासांच्या भारनियमनाने, विशेषतः पहिल्या आठवड्यानंतर, फारसं बिघडत नाही. शेवटच्या आठवड्यात तर अंडी स्वतःच ऊब धरतात. रोजच लांब वीज जाणाऱ्या गावात मात्र इन्व्हर्टरशिवाय मशीन घेऊ नका, तिथे कोंबडीच बरी.

अंडी उजेडात बघणं

सातव्या रात्री खोलीत अंधार करा. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडून ते मोबाइलच्या टॉर्चवर धरा आणि अंड्याची बोथट बाजू भोकावर टेकवा.

जिवंत अंड्यात एक गडद ठिपका दिसतो आणि त्यापासून चारी बाजूंना लाल रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं. जरा स्थिर धरलंत तर तो ठिपका हलतो. घरातल्या लहान मुलांना इथे नक्की बोलवा. पूर्ण स्वच्छ, नुसता बलकाचा पुसट गोळा फिरणारं अंडं म्हणजे फलितच नव्हतं. आत लाल कडं दिसत असेल आणि जाळं नसेल, तर गर्भ सुरू होऊन मेला. ही दोन्ही काढून टाका. शंका असेल तर त्यावर प्रश्नचिन्ह काढून ठेवा आणि चौदाव्या दिवशी पुन्हा बघा. तपकिरी कवचातून सातव्या दिवशी नीट दिसत नाही, तिथे दहाव्यापर्यंत थांबा. एका अंड्यावर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

चौदाव्या दिवशी अर्ध्याहून जास्त अंडं गडद झालेलं असतं. अठराव्या दिवशी हवेची पोकळी सोडली तर सगळं काळं दिसतं. कुठल्याही दिवशी वास येणारं, ओलसर झालेलं किंवा घाम फुटल्यासारखं अंडं लगेच, हळूच, पिशवीत घालून बाहेर न्या.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद. फिरवायचा ट्रे काढा, अंडी आडवी ठेवा, खाली जाळी किंवा सुती फडकं घाला म्हणजे निघालेल्या पिल्लाचे पाय घसरणार नाहीत. आर्द्रता ६५ ते ७० टक्के करा, तापमान तेच. पाणी शेवटपर्यंत पुरेल एवढं एकदाच भरा, पण उघड्या भांड्यावर जाळी टाका, पिल्लं बुडतात. हवेची भोकं पूर्ण उघडा. आणि झाकण बंद करा.

यानंतर ते उघडायचं नाही. हे वाचायला सोपं आहे, पाळायला अवघड.

आत काय चाललेलं असतं ते कळलं तर धीर धरता येतो. एकोणीस-विसाव्या दिवशी पिल्लू हवेच्या पोकळीचा पडदा फोडतं आणि पहिल्यांदा फुप्फुसाने श्वास घेतं. तेव्हाच अंड्यातून चिवचिव ऐकू येते. मग चोचीच्या टोकावरच्या बारीक कठीण दाताने कवचाला पहिला टोचा पडतो. त्यानंतर बहुतेक वेळा काहीच होत नाही. सहा तास, बारा तास, कधी अठरा. बघणाऱ्याला वाटतं पिल्लू अडकलं. ते अडकलेलं नसतं. कवचाच्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या या वेळात बंद होत असतात आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. या वेळी तुम्ही कवच सोललंत तर रक्त येतं आणि पिल्लू मरतं. झाकण उघडून नुसतं बघितलंत तरी आतली ओल निघून जाते, पापुद्रा वाळून पिल्लाला आवळून बसतो आणि मग ते खरंच अडकतं.

तयार झालं की ते आत गोल फिरत फिरत बोथट टोकाच्या बाजूने कवच कातरत जातं आणि दोन्ही पायांनी जोर लावून टोपी उडवतं. बाहेर पडलेलं पिल्लू ओलं, चिकट, केविलवाणं दिसतं आणि मान टाकून पडतं. मेलं असं समजून काढू नका. तीन-चार तासांत ते फुगून पिवळं-काळं लोकरीसारखं होतं.

पिल्लाच्या पोटात बलक असतो, त्यावर ते २४ ते ४८ तास बिनदाण्याचं राहू शकतं. त्यामुळे वाळलेली पिल्लं सात-आठ तासांनी एकदाच, पटकन काढा.

पिल्लं निघाल्यावर

खोका आधीच तयार हवा. तळाशी भाताचं तूस दोन बोटं, पहिले दोन दिवस त्यावर गोणपाट. नुसता गुळगुळीत वर्तमानपत्राचा कागद घालू नका, पाय घसरून फाकतात आणि तसेच राहतात. वर ६० वॅटचा पिवळा बल्ब. पिल्लांच्या उंचीला पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंशांनी कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं जास्त खरं सांगतात. बल्बखाली एकावर एक चढून ओरडत असतील तर गार आहे, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर गरम आहे. सगळीकडे पसरून काही खात, काही लोळत असतील तर झोपायला जा.

आधी पाणी, मग दाणा. उथळ वाटीत खडे टाकून पाणी भरा आणि प्रत्येक पिल्लाची चोच एकदा बुडवून दाखवा, पहिल्या पाण्यात थोडा गूळ घालतात तो चालतो. दाण्याला चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, आणा. तांदळाची कणी आणि मक्याचा भरडा यांवर गावठी पिल्लं जगतात, पण वाढ खुंटते, कारण त्यात प्रथिनं कमी. भरडाच द्यायचा असेल तर शेंगदाण्याची पेंड मिसळा.

लसींकडे दुर्लक्ष केलंत तर एवढं केलेलं सगळं एका आठवड्यात जातं. मानमोडीसाठी, म्हणजे राणीखेतसाठी, पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस, पुढे सहा-आठ आठवड्यांनी देवीची लस. कुपी शंभर किंवा जास्त पिल्लांची येते, दहा पिल्लांसाठी ती फोडणं जिवावर येतं. गल्लीतल्या चार जणांनी मिळून एकाच दिवशी द्या, आणि कुपी बर्फाच्या थर्मासमधूनच आणा. आपल्या भागातलं वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा विचारून घ्या.

घरी खुडूक कोंबडी असेल तर एक युक्ती आहे. मशीनमधली एक दिवसाची पिल्लं रात्री तिच्या पंखाखाली सरकवा. सकाळी ती आपलीच समजून फिरवायला निघते आणि तुमचा बल्ब, खोका, वीजबिल सगळं वाचतं. घार आणि मुंगूस यांची राखण मात्र तरीही तुम्हालाच करावी लागते, विशेषतः पहिला महिनाभर डालग्याखाली झाकल्याशिवाय अंगणात सोडू नका.

निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे कोंबडे असणार, आणि ते सुरुवातीला ओळखू येत नाहीत. गावात त्याचं काही वाटत नाही. सोसायटीत राहत असाल तर चार-पाच महिन्यांनी पहाटे पाच वाजता काय होईल, याचा विचार अंडी लावायच्या आधी करा.

न फुटलेली अंडी

तेविसाव्या दिवसापर्यंत थांबा, मग मशीन बंद करा. उरलेली अंडी फेकून न देता अंगणात नेऊन एकेक फोडून बघा. किळस वाटते, पण पुढच्या खेपेचं सगळं शिक्षण तिथेच आहे. बरीच अंडी नुसती बलकाची निघाली तर दोष कोंबड्याचा किंवा साठवणीचा. पहिल्या आठवड्यात मेलेले गर्भ जास्त असतील तर साठवण किंवा सुरुवातीची उष्णता बघा. पूर्ण वाढलेलं, ओलं, फुगलेलं पिल्लू म्हणजे ओल जास्त झाली. पूर्ण वाढलेलं पण पापुद्रा वाळून चिकटलेलं म्हणजे शेवटी ओल कमी पडली किंवा कुणीतरी झाकण उघडलं. सगळी पिल्लं विसाव्या दिवसाआधीच निघाली, बेंबी उघडी आणि बोटं वाकडी दिसली तर तापमान जास्त होतं. बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी रेंगाळत निघाली तर कमी होतं, सेटिंग पाव-अर्ध्या अंशाने वाढवा.

हे सगळं वहीत लिहा. अंडी कुणाकडची, कधीची, किती लावली, सातव्या दिवशी किती उरली, किती फुटली. लावलेल्यातली निम्म्याहून जास्त पिल्लं निघाली तर पहिल्या खेपेला समाधान माना.

मशीन त्याच दिवशी साफ करा. पिसांची धूळ आणि कवचाचे तुकडे वाळले की निघत नाहीत. प्लग काढा, ट्रे आणि जाळी साबणाच्या पाण्याने घासून कडक उन्हात वाळवा, आतली भिंत ओल्या फडक्याने पुसा, पंखा आणि वायर फक्त कोरड्या ब्रशने झटका. थर्माकोलचा खोका दोन-तीन खेपांनंतर बदलाच, त्याच्या भोकांत शिरलेली घाण कितीही धुतली तरी निघत नाही.